एकेचाळीस कार्डं

शब्दकोश लिहिणारे आजोबा तपासबाईंच्या खोलीत शिरले, ते ओली छत्री मिटायचंही विसरून.

"एकेचाळीस कार्डं चोरीला गेलीत! उद्या टाइप करून छापखान्यात दिली नाहीत तर तीस वर्षांचं काम पाण्यात जाईल."

कार्डं होती 'सेट' या एकाच इंग्रजी शब्दाची. सूर्य मावळो, हाड बसवा, ताट मांडा, गजर लावा, सापळा लावा, नाहीतर खडा कोंदणात बसवा. हा पठ्ठ्या सगळीकडे हजर. आजोबांनी त्याचे दोनशे अर्थ जमवले होते. बाईंचे सोबती, निवृत्त पोस्टमन, यांनी "दोनशे?" असं पुन्हा विचारलं. घरी दिवसभरात त्यांना दोनशे शब्द बोलायलाही कुणी नव्हतं.

आजोबांच्या खोलीत कार्डांचा लांब खण होता. प्रत्येक कार्डाला खाली भोक आणि सगळ्यांतून ओवलेली लोखंडी सळई. एकही कार्ड ओढून काढल्याची खूण नव्हती.

"सळई उलटी फिरवून मागून काढावी लागते," आजोबा म्हणाले. "मला आणि बायकोलाच जमायचं. शेवटच्या वर्षी ती अंथरुणातूनच कार्डं लिहायची. पंचवीस वर्षं झाली तिला जाऊन."

आजोबांची टायपिस्ट घाबरली होती. "मला ती सळई कधीच जमली नाही. आजोबा काढून देतात, मी टाइप करते, मग ते कार्ड फाडून टाकतात. तसा नियमच आहे."

"दुसऱ्या प्रकाशकाचं काम!" पोस्टमन म्हणाले.

"मग त्याने सापळ्याचं आणि कोंदणाचं कार्ड का सोडलं?" बाई कार्डांची तारीखवार नोंदवही चाळत होत्या. "गेलेली सगळी कार्डं एकाच वर्षातली आहेत. सव्वीस वर्षांपूर्वीची."

आजोबांची मुलगी शाळेत शिकवून परतली. एकाच घरात राहून बापलेकीत बोलणं नव्हतं.

"त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही," ती म्हणाली. "लहानपणी आईसाठी सळई धरायचे, तेवढंच."

बाईंनी सगळ्यांना बसवून घेतलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. चोराला अर्थ नको होते, नाहीतर खणच नेला असता. त्याला एका वर्षातली कार्डं हवी होती, आणि त्या वर्षी लिहीत होत्या आजोबांच्या आजारी पत्नी. उद्या ती टाइप होऊन फाडली जाणार होती. टायपिस्टला सळई निघत नाही. आजोबांनी स्वतःचीच कार्डं चोरली नसती. उरलं कोण? आईसाठी सळई धरणारी मुलगी."

मुलगी उठली आणि आतून बिस्किटांचा डबा घेऊन आली. त्यात कार्डं होती. "आईच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. मी नकलून परत देणार होते, पण एकेक वाचताना हात चालेना."

तिने वरचं कार्ड बापापुढे धरलं. अर्थ होता मांडणे. खाली उदाहरणाचं इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी: 'मी दोन ताटं मांडते. ते खोलीतून बाहेर येत नाहीत.'

पुढचं मावळण्याचं: 'सूर्य मावळला. आजही कुणी माझ्याशी बोललं नाही.'

आजोबांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "हे... हे मी वाचलं होतं."

"हो बाबा," मुलगी म्हणाली. "सगळी एकेचाळीस वाचलीत. प्रत्येकावर तुमची लाल खूण आहे, वाक्य बरोबर असल्याची."