शहीद तुळशीरामाचा फंड

तानाबाई जानेफळहून सोनाळ्याला आली ती हंबरडा फोडतच. धाकट्या बहिणीच्या, पंचफुलाच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाई वो, तुळशीराम लढाईत गेला अन् आम्हाले कळवलं काऊन नाही?"

पंचफुला जागीच बसली. नवरा सरहद्दीवर होता. दोन महिन्यांत त्याची चिठ्ठी नव्हती.

रडारड ऐकून गावचे पोलीस जमादार अब्दुल गनी आत आले. पासष्टची लढाई थांबून महिना झाला होता. गावात अशी तार आली असती तर त्यांना कळलीच असती. तरी शंका आलीच. पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"कोणं सांगतलं तुम्हाले?"

"आमच्या बाजारात एक जण शहिदाच्या बायकोसाठी वर्गणी जमा करून राह्यला होता. हातात तुळशीरामाचा फोटो. मी पाटल्या काढून देल्ल्या."

"आधी इथं येऊन इचारलं काऊन नाही?"

"फोटो पाह्यला अन् काही सुचलंच नाही. बायकोची बहीण व्हय म्हटलं तसा तो चपापला. फोटो माह्या हातात कोंबून गर्दीत शिरला."

गनींनी फोटो घेतला. वर्दी, बाहीवर एक फीत. भिंतीवरच्या फोटोत बाही कोरी होती.

"हा फोटो कधी आला?"

"मी पाह्यलाच नाही, गनीभाई." पंचफुलाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "सांगा ना, ते हायेत का नाही?"

"चिठ्ठ्या कोण वाचून देते?"

"हिंमतराव दुकानदार. माह्या चिठ्ठ्याही तोच लिहून टाकते. टपालवाला त्याच्यापाशीच ठेवते. रोज इचारतो मी. नाही म्हणते."

गनी दोघींना घेऊन थेट दुकानात गेले. तानाबाईला पाहताच हिंमतरावाचा चेहरा उतरला.

"हाच तो!" ती ओरडली.

"बाई भ्रमिष्ट झाली," हिंमतराव म्हणाला. "पुरावा काय?"

"फीत," गनी म्हणाले. "सुटीवर आला तवा तुळशीराम साधा शिपाई होता. बढतीची फीत नंतर भेटली. म्हणजे हा फोटो चिठ्ठीतून आला, अन् चिठ्ठी तुह्याच हाती पडते. तू चिठ्ठ्या दाबल्या अन् दूरच्या गावात जित्त्या माणसाले शहीद केलं."

गल्ल्यामागच्या डब्यात पाटल्या निघाल्या. खाली तीन फोडलेली पाकिटं.

पंचफुलाने पाटल्यांकडे पाहिलंही नाही. "शेवटच्या चिठ्ठीवर तारीख काय?"

"अकरा ऑक्टोबर. लढाईनंतरची." गनींचा आवाज आता मात्र कापला. "लिहितो, 'ही तिसरी चिठ्ठी, तुही एक नाही. तू बरी हायेस ना? मले झोप नाही.'"

पंचफुलाने चिठ्ठी ओढून घेतली. मग एकदम रडू कोसळलं.

"लिहा, गनीभाई, आत्ताच लिहा. म्हणावं, मी जित्ती हाय."