भैरू फौजीचं चित्र

जरा सरकून बसा रे. माऊली, तेवढं दार लोटून घे... नको, राहू दे उघडंच.

शिरूरचा प्रभुदास पेंटर माझा जुना दोस्त. पदरचं घालून सांगणारा माणूस नाही. त्याच्यावर गुदरलं ते जसंच्या तसं सांगतो.

दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा, पण जीव सगळा माणसांच्या चेहऱ्यांत. त्याचा थोरला भाऊ लढाईवरून आला तो मुका होऊनच. प्रभुदासनं त्याला समोर बसवून चित्र काढायला घेतलं, आणि दोन-चार दिवसांत भाऊ आपणहून बोलायला लागला. तेव्हापासून शिरूर-दौंडकडचे कितीतरी फौजी त्यानं रंगवले. म्हणायचा, "माणूस चित्राला गप बसला की आतलं हलायला लागतं."

दोन हजार एकचा वैशाख. राहू गावाहून गिताबाई कोकरेचा निरोप आला. 'मालक कारगिलवरनं आल्यापासनं रातचे झोपत न्हाईत. मास्तर, एकदा या.'

प्रभुदास एसटीनं राहूला पोचला. मंगळवार, अमावस्येची रात्र. गिताबाईचा नवरा भैरू फौजी दारातच उभा होता. आडदांड गडी, पण डोळे खोल गेलेले.

"चित्र काढा, पर रातीच. दिवसा मला काय हुत न्हाई."

मागच्या खोलीत बसले. खोलीला खिडकी नव्हती. लाईट गेलेली. वाऱ्यानं कंदील फडफडायला लागला म्हणून प्रभुदासनं दार लोटलं. कडी लावली नाही, नुसतं लोटलं.

भैरू भिंतीला पाठ लावून बसला. अर्धा चेहरा कागदावर उतरला तसा हळूच बोलायला लागला.

"बंकरावर बर्फ कोसळला, तवा आत आम्ही दोघं. मी आन् गेनू. मला वढून काढलं. आन् गेनू..."

ठक. ठक.

भिंतीतून. भैरूच्या पाठीमागून.

"भिंतीपल्याड कोण आहे?" प्रभुदासनं विचारलं.

"कोन न्हाई. ऊस हाय." भैरूनं झटकन मान वर केली. "मास्तर... तुमालाबी आयकू आलं?"

खोली गार पडायला लागली. वैशाखातली रात्र, आणि प्रभुदासच्या तोंडातून वाफ निघत होती. तो उठला. दार ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. चौकटीतच गोठून बसल्यासारखं... त्यानं गिताबाईला हाक मारली. हाक खोलीतच जिरली.

ठक. ठक. ठक.

"मला भाईर काढल्यावर त्यांनी इचारलं," भैरू पुटपुटला. "आत आनखी कोन हाय का? गेनू ठोकत हुता, मास्तर. मला आयकू येत हुतं. पर जीभच उचलंना... ते म्होरं गेले."

कंदील बारीक झाला. बोटं बधिर. श्वास पुरेना. वरून छत खाली येतंय, असं वाटायला लागलं.

ठक.

आता जवळून.

प्रभुदास भैरूसमोर गुडघ्यांवर बसला. त्याचे दोन्ही हात धरले.

"भैरूभाऊ. आता मी विचारतोय. आत कोण आहे?"

प्रभुदासनं त्याला गदागदा हलवलं. "भैरूभाऊ!"

"गेनू हाय!" भैरूनं हंबरडा फोडला. "माझा गेनू आत हाय! काढा त्याला!"

ठोकणं थांबलं.

दार कुरकुरलं. उघडलं.

दोघं तिथंच पडले. प्रभुदासला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. शेजारी भैरू घोरत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

गिताबाई दारात उभी. नवऱ्याकडं बघून तिनं पदर डोळ्यांना लावला. मग दबक्या आवाजात म्हणाली,

"रातच्याला चहा ठिवून गेले, पर तुमचं कुनाचं ध्यानच नव्हतं."

"तुम्ही आत आलात? दार तर..."

"दार सताड उघडं हुतं की. तिघांचा ठिवला."

"तिघांचा?"

"व्हय. ह्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसलेले... ते पावणं कवा गेले?"

कोपऱ्यात तीन कप होते. दोन कपांवर साय धरलेली.

प्रभुदासनं तिसरा उचलला. पालथा केला.

चहा सांडला नाही. कपात त्याचा बर्फ झाला होता.