तळ्याकाठची बाई

ठाण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयासाठी मी एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांमधली चित्रं स्कॅन करते. काम डोंबिवलीच्या घरीच चालतं. गेल्या उन्हाळ्यात एका इंग्रज प्रवाशाचं पुस्तक आलं. त्यात खडवलीजवळच्या एका मूर्तीचं चित्र होतं. तळ्याकाठी मांडी घालून बसलेली दगडी बाई, हात गुडघ्यांवर, नजर खाली. बारीक काळ्या रेघांत तिच्या पापण्यासुद्धा काढलेल्या.

माझ्या सासूबाई, सुमती, दुपारचा चहा घेऊन शेजारी बसल्या होत्या. चित्र पाहिलं आणि त्यांचा कप तसाच राहिला.

"सुश्रुतच्या आधी मला मुलगी झाली होती," त्या म्हणाल्या. "बारशाआधीच गेली. मला मांडीवर घेऊसुद्धा दिली नाही कुणी."

सुश्रुत माझा नवरा. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मूर्तीचे हात गुडघ्यांवरून उचललेले दिसले. मी आदल्या दिवशीचा स्कॅन उघडला. त्यात ते गुडघ्यांवरच होते. छापलेली रेघ हलत नाही. माझेच डोळे शिणले असणार, असं म्हणून मी पुस्तक मिटलं.

पुढच्या दुपारी मांडीवर काहीतरी गुंडाळलेलं होतं. भिंगाखाली नाक दिसलं. अर्धवट उघडी मूठ दिसली. शाई तीच, जुनी. कागदावर कुठे खाडाखोड नाही.

"आई, तुम्हाला दिसतंय हे?"

"केव्हाचं. अगं कादंबरी, मला तिथे घेऊन चल."

शनिवारी सकाळी खडवलीला उतरून रिक्षा केली. तळं जवळजवळ आटलेलं. काठावर शेळ्या चारणाऱ्या गोदाबाईंनी वडाखालची मूर्ती दाखवली. मूर्तीच्या मांडीवर बाळ होतं.

"हे बाळ कधीपासून आहे?" मी विचारलं.

गोदाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आमच्या आजीच्या येळेपासून ती पोर घेऊनच बसलीय."

सासूबाई मूर्तीसमोर खाली बसल्या. बाळाच्या डोक्यावरून सावकाश हात फिरवत राहिल्या. रडतील असं वाटलं होतं. त्या हसत होत्या.

मीही वाकले. दगड सावलीत होता, तरी कोमट लागला.

त्या इवल्या मुठीत मी बोट घातलं.

काढायला गेले. निघेना.

"ओढू नकोस गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "झोप लागली की सोडेल ती."