गोल मार्गावरची चुकामूक

हसा, हसा. तुमच्या वयाचा होतो तेव्हा मीही असल्या गोष्टींना हसायचो. पण सोकजू माझ्या शेजारचा पोरगा. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय मला, आणि तेही एकदाच. पदरचं काही घालत नाही मी. कामाची पाळी सुरू व्हायला वेळ आहे ना तुमची? मग तो ताडपत्रीचा पडदा तेवढा सोडा खाली, वारा सरळ मानेत शिरतोय.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोल्लालचा, नव्या वर्षाचा सण तोंडावर आलेला, गुरुवारची रात्र, नुकतेच नऊ वाजून गेलेले. सोकजूचा बाप, म्हातारा प्यो, जामशिलच्या बाजूला इस्पितळात पडून होता. हयातभर त्याने दोन नंबरची गोल मेट्रो चालवली, अख्ख्या सोलला प्रदक्षिणा घालत. मग ऐन पानगळीत झटका आला आणि कमरेखालचं सगळं लुळं पडलं. त्या संध्याकाळी म्हातारा म्हणाला, चिलगोज्याची पेज खावीशी वाटतेय, शिल्लिमच्या त्या बाईच्या हातची. कितीतरी दिवसांनी त्याने काहीतरी मागितलं होतं. त्याची ताई उशाशी होतीच, म्हणून सोकजू लगेच निघाला.

पेज घेऊन परतीच्या, त्याच दोन नंबरच्या गाडीत बसला आणि थोड्याच वेळात ताईचा फोन.

"कुठवर आलास?"

"साडांग स्टेशन सोडलं आत्ता. का गं?"

"बाबांचा श्वास बदललाय. डॉक्टर म्हणतात, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. अरे, तुझंच नाव चाललंय तोंडात. ये लवकर."

आई-बापाच्या शेवटच्या श्वासाला मुलगा जवळ नसणं, हे आपल्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. जन्मभर मान वर होत नाही माणसाची. त्यातून हा एकुलता एक मुलगा. सोकजू उठून दाराशी जाऊन उभा राहिला. उभं राहून गाडी काही लवकर पोचत नाही, पण बसवेना त्याला.

पुढचं स्टेशन, बांगबे आलं. शेजारच्या रुळावर उलट दिशेची गाडी येऊन थांबली, खिडकीला खिडकी लागून. सोकजूने सहज वळून पाहिलं. म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यात, इस्पितळाचा पट्ट्यांचा सदरा घातलेला...

बाबा.

काचेला कपाळ टेकवून ह्या गाडीत कुणाला तरी शोधत होता. नजरानजर झाली. म्हाताऱ्याने हात वर केला.

सोकजूने ताईला फोन लावला.

"ताई, बाबांना कुठे नेलंय?"

"कुठे नेणार? हा काय, हात माझ्या हातात आहे. डोकं फिरलंय का तुझं?"

पलीकडची गाडी हलली. आणि ह्या शहाण्याने काय करावं? दारं मिटता मिटता बाहेर उडी मारली. एक जिना चढला, दुसरा उतरला, मागून आलेली उलटी गाडी पकडली. म्हणजे पुन्हा साडांग. बाबा तिथे उतरून थांबतील, अशी आशा.

फलाटावर कुणी नव्हतं.

पण समोर, इस्पितळाकडे तोंड केलेल्या गाडीत... तोच सदरा. पोरगा पुढे गेला असेल म्हणून म्हातारा त्याला शोधत परत फिरला होता.

तेव्हा कुठे सोकजूला आठवलं. लहानपणी बाप बजावून सांगायचा, "चुकामूक झाली तर उतरायचं नाही. जागेवर बसून राहायचं. मार्ग गोल आहे, मी फिरून येतो तुझ्याकडे."

आणि हा उतरला होता.

त्याने फलाटाच्या कडेच्या काचेच्या दारांवर हात आपटले. पेज सांडली. माणसं बघत राहिली. "बाबा, उतरू नका. बसून राहा. मी येतो."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही...

गाडी गेली.

पुन्हा जिने. पुन्हा गाडी. ह्या खेपेला तो बसून राहिला. प्रत्येक स्टेशनावर शेजारच्या खिडक्या बघत. एकेक कोपरा बघत. बाबा दिसले नाहीत.

फोन वाजला.

"ताई?"

"गेले रे. दाराकडेच बघत होते शेवटपर्यंत. थोडं आधी आला असतास..."

रडला नाही तो. जामशिल आलं तरी उठला नाही, गाडी सुटायच्या बेतात असताना कुणीतरी हाताला धरून उतरवलं त्याला.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे म्हाताऱ्याला पुसून तागाची वस्त्रं चढवायची होती. त्या कामाचा माणूस आला. चेहरा पुसला, हात पुसले. पायांवरची चादर काढली आणि तसाच थांबला.

"यांना चालवलं कुणी?"

ताई म्हणाली, "कसले चालतायत? महिने झाले, पाय जमिनीला लागला नाही."

तो नुसता बाजूला सरकला.

तळवे काळे होते. बोगद्यातली ती लोखंडाची तेलकट काजळी... टाचेपासून बोटांपर्यंत.

त्याने कापूस भिजवला. घासला. दुसरा घेतला.

सोकजू म्हणाला, "राहू द्या."

मग त्यावरच मोजे चढवले.