तीनची कडी

आवाजाला कारण असतं. मी पुलांची तपासणी करते, त्यामुळे पोटासाठी का होईना, हे मला मानावंच लागतं.

बीडीडी चाळ सुटली आणि माझे वडील, नाना, टॉवरच्या अठराव्या मजल्यावर राहायला आले. चाळ सोडताना जो तो आपल्या खोलीचं सागवानी दार काढून नेत होता. नानांनीही नेलं आणि सुताराकडून त्याचा दिवाण करून घेतला. माझी नऊ वर्षांची मुलगी मैत्री सोमवारपासून शाळा सुटली की तिथंच झोपणार होती, मी ऑफिसातून येईपर्यंत.

रविवारी दुपारी चादर घालायला मी गादी उचलली. खालच्या लाकडावर कंपासच्या टोकानं ओढलेल्या अकरा रेघा होत्या.

त्या माझ्याच होत्या. पण आमच्या दारावर मी कधी रेघ ओढली नव्हती. चाळीतली सगळी दारं सारखीच, घाईत नानांनी शेजारच्या अप्पांचं दार उचललं होतं.

चाळीत दिवसा कोणाचंच दार लागत नसे. अप्पांचं लागायचं, तीन वाजता, मी त्यांच्याकडे शिकवणीला गेले की. त्या दाराआड त्यांनी माझ्याशी जे केलं, ते मी बत्तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. अप्पा मेले, मी सुटले नाही. अजून मी बाथरूमची कडी लावत नाही. नवरा चिडवतो, मी हसते आणि मला त्याचा राग येतो.

भिंतीपलीकडे नाना रात्रपाळी करून झोपलेले असायचे. त्यांना काही ऐकू गेलं नाही, एवढ्या भरवशावर मी त्यांना बाप म्हणत आले.

रेघांच्या वर कडीच्या स्क्रूंची चार भोकं होती, लांबी भरून बुजवलेली. कडी नव्हती.

तीन वाजता ती लागली.

मी बाहेर जाऊन लिफ्ट बघितली. वरचा फ्लॅट रिकामा होता. आमच्या खिडक्या बंद होत्या.

"आई, कडी कोणी लावली गं?" मैत्रीनं विचारलं.

मी तिला चपला घालायला सांगितलं.

"नाना, मैत्री इथं राहणार नाही. हे दार अप्पांचं आहे."

नाना पेपर वाचत होते.

"तुम्हाला ऐकू आली ना कडी?"

"येते की. रोज तीनला."

"रोज? कधीपासून?"

पेपर खाली आला नाही.

"तू शिकवणीला जायला लागलीस, तेव्हापासून."