गळलेलं अक्षर

इनॅमलच्या जुन्या जाहिराती जमवणाऱ्यांचा एक कडक नियम असतो. टवका उडालेला असेल, तर तो तसाच ठेवायचा. भट्टीत भाजलेला रंग म्हणजे काच. त्यावर ब्रशने भरलेला रंग नखाने सुटतो आणि जाणकार तोंडावर हसतात. आमच्या घरात साबण, काडेपेटी, टायर, खोकल्याचं औषध, सगळ्यांच्या पाट्या आहेत. "लोक भिंती रंगवतात, आपण पत्रे ठोकतो," असं बायको म्हणते. पण नियम मी कधी मोडला नव्हता.

ही पाटी भंगारवाल्याकडे मिळाली. तोंड भिंतीकडे करून ठेवली होती. दुधाच्या पावडरीची जाहिरात. निळ्या कपड्यांतली हसरी बाई, तिचा एक हात पुढे पसरलेला. दुसरा कमरेशी वाकवलेला, पण त्यात काहीच नाही. खाली ठळक अक्षरांत 'मला', आणि पुढच्या अक्षराचा टवका उडालेला. वरची रेघ आणि एक मात्रा तेवढी शिल्लक.

"घेताय तर घ्या, पण परत आणायची नाही," भंगारवाला म्हणाला. मी हसलो. असली चीज परत कोण वेडा आणणार?

घरातच, स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात पाटी लावली. आमची एकुलती एक चिमी तेव्हा नुकतीच वाचायला शिकत होती. दिसेल ते वाचायची. पाटीपाशी आली की अडायची. "बाबा, मला काय? मला काय?" दिवसभर नुसती भुणभुण! शेवटी वैतागून मी ब्रश हातात घेतला. दुधाची जाहिरात, बाळच बोलत असणार, म्हणजे 'दे'. यात काय डोकं लावायचं? अक्षर भरलं आणि चिमीने टाळ्या पिटल्या. "मला दे!"

दुसऱ्या दिवसापासून तिने द्यायला सुरुवात केली.

आधी बिस्किट. पाटीखाली ठेवलं आणि थोड्या वेळाने नाहीसं झालं. मग केसांची पिन. मग कापडी ससा, ज्याच्याशिवाय ती झोपत नसे. बायकोने कपाटं उपसली, मी उंदरांवर खापर फोडलं. "उंदीर पिना खातात वाटतं?" बायको म्हणाली. मी उगाचच चिडलो.

"ती मागते ना," चिमी म्हणाली. "आता माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नाही."

हे ऐकून बायकोचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता ती पाटी काढ."

काढायला हवी होती. पण त्याच दुपारी पत्रोबाचा फोन आला. पत्रोबा म्हणजे माझा मित्र. त्याचं घर पत्र्यांनी माझ्याहून जास्त भरलंय, म्हणून हे नाव. मी धाडलेला पाटीचा फोटो त्याने पाहिला होता.

"अरे गाढवा, 'दे' नाही, 'घे'! माझ्याकडे हीच पाटी आहे. बाळ आईला म्हणतंय, मला घे. कडेवर घे." मग म्हणाला, "पण तुझ्या पाटीत बाळ कुठंय रे?"

"छपाई वेगळी असेल," मी म्हणालो. कमरेशी वाकवलेल्या हातावरून बोट फिरवलं. टवका नाही, गंज नाही. तिथे कधी काही नव्हतंच.

'दे' चुकीचा निघाला याचं मला खरं तर बरंच वाटलं. चिमीला जवळ बोलावलं. "बाबा चुकला बरं का. ती काही मागतच नव्हती. आता नीट लिहितो, मग तुझं काही जाणार नाही." बायको दारात उभी होती. "आधी काढ म्हणते ना!" "दोन मिनिटं गं. नीट करतो, मग काढतो."

नखाने 'दे' सोडवला. 'घे' भरला. छान जमला.

ब्रश धुवायला मोरीत गेलो.

बोळातून चिमीचा आवाज आला. अक्षरावर बोट ठेवून वाचताना निघतो तसा, सावकाश.

"म... ला... घे."

नळ बंद केला. बायकोच्या हातातलं भांडं पडलं.

बोळात कुणी नव्हतं. घराच्या दाराला आतून कडी होती.

पाटीवरच्या बाईचा पसरलेला हात आता एका मुलीच्या पाठीवर होता. मुलगी कडेवर, तोंड बाईच्या खांद्यात खुपसलेलं. एक मोजा घसरलेला. चिमीचा डावा मोजा नेहमी घसरायचा.

मी नख लावलं. रंग सुटला नाही. माझा 'घे'सुद्धा सुटला नाही. काचेसारखा गार.

पोलीस आले, गेले. शोध चालू आहे म्हणतात. पत्रोबा आता फोन उचलत नाही. पाटी काढायची नाही, असं बायको म्हणते. रोज ती ब्रश घेऊन उभी राहते आणि 'घे'वर रंग लावून त्याचा 'दे' करते. "मला दे," ती त्या बाईला म्हणते. "माझी आहे ती. मला दे." मी शेजारी उभा असतो. माझा हात तिने अजून खांद्यावर ठेवू दिलेला नाही.

सकाळी रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडलेले असतात.

आज ते झाडताना वर पाहिलं. बाईने चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलंय. आमच्यापासून लांबच्या.