गुडघ्यातला अंधार

शेजारी शेजारी असलेल्या दोन वस्तूंवर सारखाच प्रकाश पाडला, तर एक मरेल आणि दुसरी शाबूत राहील, असं कधी होईल का? साल २०६४. साताऱ्याच्या प्रकाशोपचार केंद्रात पडून असलेल्या शाल्मलीला याचं उत्तर हवंच होतं. प्रकाश तिच्याच गुडघ्यात शिरणार होता आणि सकाळी तिने घोळ घालून ठेवला होता.

संधिदाहाने (सांध्याच्या आतल्या सुजेने) तिचा गुडघा टम्म फुगला होता. रोज सकाळी तो कोवळ्या उन्हात शेकायची घरची सवय. काल शिरेतून औषध देताना 'उजेडात जायचं नाही' असं बजावलं होतं; पण कोवळ्या उन्हाने काय होतंय, असं म्हणत बाईसाहेब खिडकीत पाय पसरून बसल्या. बघता बघता कातडी लालबुंद!

"आजोबा, आतली कूर्चापण जळली का हो?" तिने विचारलं. कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) एकदा गेली की गेली. आजोबांची तशीच गेली होती. मग तिचा कसला दोरीचा मल्लखांब!

हा उपचार आजोबांनीच शोधला होता. ते काठी टेकत जवळ आले. "बघूनच सांगतो. टिपरू, दुर्बीण घे."

टिपरू रोबोने बधिर केलेल्या गुडघ्यात बारीक दुर्बीण सरकवली आणि जांभळा दिवा लावला. पडद्यावर कडेकडेने गुलाबी चमक दिसली. मधोमध मात्र काळोख.

"काळं म्हणजे जळलं?" शाल्मलीला रडूच फुटलं.

"अगं वेडाबाई, काळं म्हणजे तिथे औषधच नाही! जांभळ्या उजेडात औषध गुलाबी चमकतं. सुजलेल्या अस्तरात रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून ते तिथे साचतं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. औषध पोचणार कुठून?"

"मग माझी कातडी?"

"तिच्यात थोडं होतं, म्हणून पोळली. ऊन काही इतकं आत शिरत नाही."

आता लाल दिवा लागला. शाल्मलीने आजोबांचा हात घट्ट धरला.

"लाल प्रकाशाने औषध जागं होतं," आजोबा हळूच म्हणाले, "आणि प्राणवायूला चिथावतं. तो चवताळलेला प्राणवायू आजारी पेशी मारतो. औषध नाही, तिथे प्रकाश नुसता येऊन जातो."

मधूनमधून जांभळा दिवा लावून पाहिलं, तशी औषध खर्ची पडून गुलाबी चमक विझत गेली. शेवटी टिपरूने साधा दिवा लावला, तर कूर्चा पांढरीशुभ्र, जशीच्या तशी! शाल्मली रडता रडता हसली.

"आता तुमचा गुडघा, आजोबा."

"माझ्यात वाचवायला कूर्चाच उरली नाही गं."

"मग ती पुन्हा वाढवायची युक्ती मी शोधते."

"आधी उन्हापासून लांब राहायला शीक," म्हणत आजोबा पडदा ओढायला लंगडत निघाले. शाल्मली त्यांच्या गुडघ्याकडे पहिल्यांदाच शास्त्रज्ञाच्या नजरेने बघत होती.